डावखुऱ्याचा माउस उजवीकडेच का?

नवीन मोबाइल हातात आला की पहिल्या तासात तुम्ही काय करता? वॉलपेपर बदलता. व्हॉट्सॲप अंगठ्याजवळ आणून ठेवता. कंपनीने आधीच भरून ठेवलेली नको ती ॲप्स एका फोल्डरमध्ये कोंबता. कीबोर्डवर मराठी चालू करता, अक्षरं मोठी करता, डार्क मोड लावता. यातल्या एकाही गोष्टीसाठी तुम्ही कोणाला विचारत नाही. मोबाइल माझा आहे, तर तो माझ्या हाताप्रमाणे चालणार, इतकं साधं गणित असतं.

आता कॉलेजच्या कॅड लॅबमध्ये चला. डिप्लोमा सिव्हिल असो, मेकॅनिकल असो, आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन ट्रेड असो की इंटिरिअरचा कोर्स. तिथे तेच तुम्ही ऑटोकॅडसमोर पाहुण्यासारखे अंग चोरून बसता. बटण जिथे आहे तिथेच राहणार. शॉर्टकट नोट्समध्ये दिलाय तोच वापरायचा. माउस उजवीकडे म्हणजे उजवीकडेच. आणि भिंतीवर एक प्रिंटआउट चिकटवलेली असते : 'कोणीही सेटिंग बदलू नये.'

माझं म्हणणं एवढंच आहे की आपली स्क्रीन आपल्या हाताला आणि आपल्या कामाला बसेल अशी मांडता येणं हा कॅड शिकण्याचाच भाग आहे. तो शिकवला पाहिजे. शिकवत नसतील तर आपण मागितला पाहिजे.

तुम्ही म्हणाल, ही कोण टिकोजीराव लागून गेली? खरं आहे. मी मास कम्युनिकेशनची मुलगी. सध्या पेपरात इंटर्नशिप करते. ऑटोकॅडमध्ये मला एक सरळ भिंत काढता येत नाही. या विषयात मी पडले ती माझ्या मावसभावामुळे.

तो मोहाडी तालुक्यातल्या एका गावातून रोज एसटीने भंडाऱ्याला डिप्लोमा सिव्हिलला जातो. शाळेत असताना त्याची भूमितीची वही वर्गात फिरायची, इतकी नीट असायची. पहिल्या वर्षी हाताने काढायच्या ड्रॉइंग शीटमध्येही तो पुढे होता. आणि दिवाळीला मावशीकडे गेले तर हा कोपऱ्यात बसून म्हणतोय, "ताई, मले ड्रॉइंग जमतच नाई. सोडून देतो."

काय झालं होतं? कॅडच्या प्रॅक्टिकलला दोन खोल्यांच्या घराचा प्लॅन काढायला दिला होता. ठरलेल्या वेळात याचा निम्मासुद्धा झाला नाही. सगळं येत होतं, पण हात चालत नव्हता. कारण माझा भाऊ डावखुरा आहे. लॅबमधला माउस उजवीकडे. त्याने एकदा तो उचलून डावीकडे ठेवला होता, तर पुढच्या तासाला पुन्हा उजवीकडे. पुन्हा ठेवला तर 'वायर तुटेल, हात लावू नको' असं ऐकावं लागलं. मग त्याने नाद सोडला आणि दोन सेमिस्टर उजव्या हाताने माउस ढकलत काढली.

मी विचारलं, सरांना सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "सांगाचं असते हे मले कोनी सांगतलंच नाई न."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. कारण मी ज्या ऑफिसात बसते, तिथलं चित्र अगदी उलटं आहे. आमच्याकडे पान लावणारे एक काका आहेत. त्यांची बोटं जुन्या मराठी टाइपरायटरवर तयार झालेली, म्हणून त्यांचा कीबोर्ड आजही टाइपरायटरच्या मांडणीचा आहे. शेजारचा मुलगा इन्स्क्रिप्टवर टाइप करतो. मी आपली इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणारी, फोनेटिकवाली. तिघांचे कीबोर्ड तीन तऱ्हेचे, बातमी मात्र एकाच पानावर छापून येते. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ही निवड अनेक वर्षांपासून आहे. काकांना कोणी म्हणालं नाही की आता नवी मांडणी शिका नाहीतर घरी बसा. म्हटलं असतं, तर त्यांचा तीस वर्षांचा वेग एका दिवसात शून्यावर आला असता.

मग कॅडमध्ये अशी निवड नाहीच का? मी भंडाऱ्यातल्या एका ड्रॉइंग ऑफिसात जाऊन बसले. तिथल्या जुन्या ड्राफ्ट्समन काकांची स्क्रीन बघितली आणि चाट पडले. आपल्या लॅबमध्ये दिसते तशी ती नव्हतीच. वरची बटणांची जाडजूड पट्टी, म्हणजे रिबन, गायब. जुन्या पद्धतीचे छोटे टूलबार दोन्ही कडांना उभे. आणि कर्सरचं ते अधिक चिन्ह, आपल्याकडे चिमुकलं असतं ना, ते त्यांच्याकडे स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेलं. का, तर ते ड्रॉइंग बोर्डवर टी-स्क्वेअर लावून शिकले. रेषा सरळ आहे की नाही हे पट्टी लावल्यासारखं दिसल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ही कर्सरसाइझ नावाची एक सेटिंग आहे. मुळात ती ५ असते, त्यांनी १०० केली आहे. बस्स, एवढंच.

आणखी एक गंमत. ऑटोकॅडमध्ये नुसतं 'सी' दाबलं की वर्तुळ येतं, कॉपीसाठी 'सीओ' दाबावं लागतं. काकांच्या मशीनवर 'सी' म्हणजे कॉपी. ते म्हणाले, "घराच्या नकाशात वर्तुळ किती येतात? विहिरीचं एक, टाकीचं एक. कॉपी मात्र दिवसभर चालते." विचार करा, दिवसात शंभर वेळा वापरायच्या गोष्टीला एक अक्षर जास्त आणि दोनदा वापरायच्या गोष्टीला एक कमी. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला भंडाऱ्यातल्या ड्राफ्ट्समनचा दिवस माहीत नव्हता. पण त्याने एक शहाणपणा केला होता, बदलायची सोय ठेवली होती.

ही सोय काही छुपी नाही. ऑटोकॅड १९८२ च्या डिसेंबरात बाजारात आलं आणि १९८६ पासून त्यात ऑटोलिस्प नावाची छोटी भाषा आली. वापरणाऱ्याने स्वतःच्या कमांड स्वतः लिहाव्यात म्हणून. २००६ च्या आवृत्तीत मेनू, टूलबार, शॉर्टकट सगळं एका खिडकीतून बदलायची व्यवस्था आली, तिचं नाव सीयूआय. २००९ च्या आवृत्तीत रिबन आली. २०१५ च्या आवृत्तीतून 'क्लासिक' हा तयार जुना चेहरा कंपनीने काढून टाकला, तर जगभरच्या जुन्या लोकांनी सीयूआयमध्ये जाऊन तो पुन्हा उभा केला. भंडाऱ्यातले काका त्यांच्यापैकीच एक.

एक-दोन अक्षरांचे शॉर्टकट तर त्याहून सोपे. ते सगळे पीजीपी नावाच्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेले असतात. ती नोटपॅडमध्ये उघडते. एका ओळीत शॉर्टकट, स्वल्पविराम, तारांकन आणि कमांडचं नाव. ओळ बदला, सेव्ह करा, ऑटोकॅड पुन्हा सुरू करा, झालं. वर्ड वापरता येणाऱ्या कोणालाही हे जमेल. मलासुद्धा जमलं!

आता भावाकडे परत येऊ. दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या जुन्या लॅपटॉपवर आम्ही दोघं बसलो. आधी विंडोजमध्ये माउसची डावी-उजवी बटणं अदलाबदल केली. मग शॉर्टकट. उजव्या हाताने माउस धरणाऱ्याचा डावा हात कीबोर्डवर असतो. त्याला 'ई' म्हणजे इरेज, 'टीआर' म्हणजे ट्रिम, 'ईएक्स' म्हणजे एक्स्टेंड ही अक्षरं आयतीच बोटाखाली येतात. डावखुऱ्याचं उलटं होतं. त्याचा उजवा हात मोकळा असतो आणि ही सगळी अक्षरं कीबोर्डच्या पलीकडच्या टोकाला. म्हणून आम्ही 'के'ला इरेज दिलं आणि 'एन'ला ट्रिम. 'एल' म्हणजे लाइन, 'एम' म्हणजे मूव्ह, 'ओ' म्हणजे ऑफसेट ही अक्षरं त्याच्या बाजूलाच होती, ती तशीच ठेवली.

आणि मग एक गोष्ट लक्षात आली, जी आम्हा दोघांच्याही ध्यानात नव्हती. कीबोर्डच्या उजव्या टोकाला आकड्यांचा वेगळा चौकोन असतो, नंबर पॅड. घराचा प्लॅन काढताना सतत मापं टाकावी लागतात, ३०००, २३०, ९००. उजव्या हाताने माउस धरणाऱ्याला त्यासाठी प्रत्येक वेळी माउस सोडावा लागतो. डावखुऱ्याचा उजवा हात आधीच तिथे असतो. म्हणजे माझा भाऊ ज्या कारणामुळे मागे पडत होता, त्याच कारणाने तो वर्गातल्या बऱ्याच जणांच्या पुढे जाऊ शकत होता. मध्ये अडचण होती ती फक्त माउस कुठे ठेवायचा याची.

तुम्ही डावखुरे नसाल, तरीही हा लेख इथेच सोडू नका. कारण ऑटोकॅडची स्क्रीन जशी येते, तशी ती आपल्यापैकी कोणाच्याच घरची नसते.

उदाहरण हवंय? ऑटोकॅडसोबत काही तयार आकृत्या येतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. त्यात डिझाइन सेंटरमध्ये घराचं सामान शोधा. बाथटब मिळेल, तोही इंचांच्या मापात. भारतीय पद्धतीच्या शौचालयाचं भांडं स्वतः काढावं लागेल. मोरी नाही, तुळशीवृंदावन नाही, देवघर नाही. आपल्याकडच्या मुलांच्या वाट्याला येणारी कामं बघा ना. घरकुल, राइस मिलची शेड, धानाचं गोदाम, मामा तलावाच्या पाळीची आणि सांडव्याची दुरुस्ती, गोसीखुर्दच्या कालव्यांचे छेद. यातलं काय आहे त्या तयार सामानात? यावरचा उपायही सॉफ्टवेअरमध्येच आहे. टूल पॅलेट नावाची पट्टी उघडायची, तिच्यात स्वतःचं एक पान करायचं आणि आपण एकदा नीट काढलेली मोरी, देवघर, कालव्याचं दार त्यात ओढून ठेवायचं. पुढच्या वेळी एका क्लिकवर तयार. वर्गातल्या चार जणांनी वाटून काढलं तर एका सेमिस्टरमध्ये आख्ख्या वर्गाला पुरेल इतकं सामान जमेल.

भाषेचंही तसंच. ऑटोकॅड जर्मन, फ्रेंच, जपानी, कोरियन, पोलिश, झेक, हंगेरियन अशा भाषांमध्ये मिळतं. एकाही भारतीय भाषेत मिळत नाही. जर्मन मुलगा 'लीनिए' लिहून रेषा काढतो, फ्रेंच मुलगी 'लीन्य' लिहून. दहावीपर्यंत रेषा, वर्तुळ, कंस, त्रिज्या शिकून आलेला आपला मराठी माध्यमाचा मुलगा मात्र 'फिलेट' आणि 'चॅम्फर' समोर आल्यावर गांगरतो. त्याला कोपरा गोल करणं आणि कोपरा तिरपा कापणं कळतं, अडतं ते फक्त नावापाशी. सीयूआयमध्ये बटणाचं नाव आणि त्यावर माउस नेल्यावर दिसणारी माहिती बदलता येते. आत चालणारी कमांड इंग्रजीच राहते. मग पहिल्या सेमिस्टरसाठी लॅबमध्ये 'फिलेट : कोपरा गोल' असं लिहिलेलं एखादं पॅनल का असू नये? इंग्रजी शब्द काढून टाका असं मी म्हणत नाही. इंटरव्ह्यू इंग्रजीत होणार आहे, हे मलाही कळतं. दोन्ही शेजारी असू द्या, एवढंच.

आणि हे सगळं लाडाकोडाचं वाटत असेल, तर हा धंद्याचा भागही ऐका. पुण्यातल्या सॉफ्टटेक कंपनीचं ऑटोडीसीआर नावाचं सॉफ्टवेअर बांधकामाचे नकाशे नियमांत बसतात का ते तपासतं. राज्यातल्या अनेक महापालिकांनी ते वापरलं आहे. त्यासाठी नकाशा काढणाऱ्याला आपल्या कॅडमध्ये प्रीडीसीआर जोडावं लागतं. ते जोडलं की स्क्रीनवर आणखी बटणं येतात आणि प्लॉट, इमारत, मजला हे सगळं ठरलेल्या लेयरवर खुणावून द्यावं लागतं. म्हणजे कॅडवर आपल्या कामापुरता वेगळा चेहरा चढवणं हा महाराष्ट्रात चालणारा व्यवसाय आहे. ज्या मुलाने कधी स्वतःची चार बटणं हलवलेली नाहीत, तो असा बदललेला चेहरा पहिल्यांदा बघून घाबरणारच. बुटीबोरीला किंवा हिंगण्याला टेस्ट द्यायला गेलात आणि समोर त्या काकांसारखी रिबन नसलेली स्क्रीन आली, तर काय कराल? बटण शोधण्यातच वेळ जाईल.

आता लॅबवाल्यांची बाजू. ती खोटी नाही. एका मशीनवर दिवसात तीन-चार बॅच बसतात. एकाने 'सी'ची कॉपी केली तर दुसऱ्याचं वर्तुळ येणार नाही आणि शिकवणाऱ्याचा अर्धा तास ते निस्तरण्यात जाईल. काही जण मुद्दाम उचापती करतात, तेही आपण सगळे जाणतो. शिवाय एक भीती अशी की स्वतःच्या सेटिंगची सवय लागली तर दुसऱ्याच्या मशीनवर माणूस लुळा पडतो.

पण यातल्या प्रत्येक गोष्टीला उत्तर आहे. ऑटोकॅडमध्ये प्रत्येकाला स्वतःचं प्रोफाइल करता येतं. ते फाइल म्हणून पेन ड्राइव्हवर नेता येतं, येताना लावायचं, जाताना मूळ प्रोफाइल परत करायचं. पीजीपी फाइल तर इतकी छोटी असते की स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवता येते. आणि सगळंच बिघडलं तर विंडोजच्या स्टार्ट मेनूमध्ये ऑटोकॅडच्या नावाखाली 'रिसेट सेटिंग्ज टू डिफॉल्ट' असतं. ते चालवलं की स्क्रीन पहिल्या दिवसासारखी होते. मशीन 'खराब' होत नाही. दुसऱ्याच्या मशीनवर अडायला होतं, हे मात्र मान्य. त्यावर उपाय म्हणजे मूळ शॉर्टकटही पाठ असू द्या. सायकल स्वतःच्या उंचीला लावून घेतली म्हणून मित्राची सायकल चालवता येत नाही, असं होतं का? उलट सीट खालीवर होते हे ज्याला माहीत असतं, तोच दुसऱ्याची सायकलही पटकन बसती करून घेतो.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. कॅडच्या पहिल्या महिन्यात एक प्रॅक्टिकल फक्त यासाठी ठेवा. स्वतःचं प्रोफाइल करा, पाच शॉर्टकट आपल्या हाताप्रमाणे बदला, एक टूल पॅलेट तयार करा आणि शेवटी सगळं पूर्ववत करून दाखवा. पूर्ववत करण्याला मार्क द्या, म्हणजे लॅबचीही काळजी मिटेल. आणि डावखुऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी विचारा, माउस कुठे हवा?

तोपर्यंत तुम्ही थांबू नका. विद्यार्थ्यांना ऑटोकॅड एका वर्षासाठी मोफत मिळतं आणि शिकत असेपर्यंत दरवर्षी नूतनीकरण करता येतं. घरचा लॅपटॉप त्याचं वजन पेलत नसेल, तर लिबरकॅड हे हलकं, कायमचं मोफत सॉफ्टवेअर टाका. आपल्या मनाचे टूलबार त्यातही करता येतात. थ्रीडी करायचं असेल तर फ्रीकॅड आहे. एक आठवडा स्वतःकडे लक्ष द्या. कोणती कमांड सगळ्यात जास्त वापरता? कोणत्या बटणासाठी हात सगळ्यात लांब जातो? उत्तर वहीत लिहा आणि रविवारी फक्त तेवढंच बदला. एकदम सगळं बदलू नका, गोंधळाल.

भावाचं काय झालं? तो अजून तिथेच शिकतोय, सोडलं नाही. दिवाळीनंतर त्याने धीर करून सरांना सांगितलं. सरांनी माउस डावीकडे ठेवायला लगेच परवानगी दिली. त्यांना खरंच माहीत नव्हतं. शॉर्टकटबद्दल मात्र 'परीक्षेत चालेल की नाही, बघून सांगतो' असं म्हणाले. ते बघणं अजून चालू आहे. तो वाट बघत मूळ शॉर्टकटवरच सराव करतोय, पण आता डाव्या हाताने. मागच्या आठवड्यात त्याचा मेसेज आला, 'प्लॅन टायमात झाला ताई'. सोबत फोटो होता. दोन खोल्या, एक मोरी, अंगणात तुळस.

उद्या लॅबमध्ये एखादा माउस डावीकडे ठेवलेला दिसला, तर सवयीने उचलून उजवीकडे ठेवू नका. त्या खुर्चीवर कोण बसतं, ते आधी विचारा.